संदर्भासह स्पष्टीकरण

नाशिकला शालिमारजवळ एक मोठं सरकारी रुग्णालय आहे. बोर्डावर नाव आहे 'विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय'. नाशिककर त्याला नुसतं 'संदर्भ' म्हणतात. "काकांना संदर्भला हलवलंय" हे वाक्य आमच्याकडे कुणालाही कळतं. बाहेरगावच्या मित्राला मात्र ते ऐकून दहावीचा मराठीचा पेपर आठवतो. संदर्भासह स्पष्टीकरण द्या, गुण ४ :-)

'संदर्भ सेवा' हा 'रेफरल सर्व्हिस'चा सरकारी मराठी अवतार. प्रकार तसा साधा आहे. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना वाटलं की हे आपल्या हाताबाहेरचं आहे, की त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. तिथले डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात पाठवतात, ते जिल्हा रुग्णालयात. तिथूनही पुढे न्यायची वेळ आली तर संदर्भ, नाहीतर थेट मुंबई. प्रत्येक टप्प्यावर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, वय, निदान आणि शेवटी ठरलेलं वाक्य : 'पुढील उपचारासाठी पाठवण्यात येत आहे.'

माझा प्रश्न या वाक्याच्या पुढचा आहे. पाठवलं, मान्य. पण पोचलं का?

आपण दोनशे रुपयांचं पुस्तक ऑनलाइन मागवतो, तर ते भिवंडीच्या गोदामातून कधी निघालं, कुठल्या गाडीत चढलं, दारात आलं तेव्हा घरी कुणी नव्हतं, सगळं फोनवर दिसतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा भाचा पेठ तालुक्यातला. तो आजारी पडला तेव्हा मी त्याच्या कागदांची पिशवी बघितली होती. कापडाच्या दुकानातली जुनी प्लास्टिकची पिशवी, आत तीन ठिकाणच्या तीन चिठ्ठ्या, दोन एक्स-रे आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. तिन्ही चिठ्ठ्या पुढे पाठवणाऱ्या. पहिल्या डॉक्टरांना तिसऱ्या चिठ्ठीचा पत्ता नाही, तिसऱ्यांना पहिलीची कथा पेशंटच्या तोंडून कळणार. म्हणजे त्या मुलाची मेडिकल रेकॉर्ड सिस्टिम ती पिशवी होती, आणि ती एस.टी.त विसरली असती तर बॅकअप कुठेच नव्हता.

आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी एका वाक्यात सांगायचं तर : आपली संदर्भ सेवा यूडीपीवर चालते. पाकीट सोडून दिलं, पुढे देव बघून घेईल. टीसीपीत पलीकडून पोच येते, आणि नाही आली तर पाठवणारा परत पाठवतो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी ही कल्पना १९७४ च्या पेपरात मांडली. गंमत म्हणजे त्याच सुमाराला दिल्लीत एक समिती पेशंटच्या चिठ्ठीबद्दल बराचसा असाच विचार करत होती. पण तिची गोष्ट सांगायची तर आधी जरा मागे जावं लागेल.

स्वातंत्र्याच्या आधी, १९४३ साली, इंग्रज सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. १९४६ मध्ये तिचा अहवाल आला, चार खंड. आज आपण उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय अशी जी उतरंड गृहीत धरतो तिचा मूळ आराखडा यात आहे. भोर समितीचं स्वप्न भव्य होतं. दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र, तेही ७५ खाटांचं. त्याच्या वर ६५० खाटांची दुय्यम रुग्णालयं. सगळ्यात वर जिल्ह्याच्या ठिकाणी २५०० खाटा. पेशंट गरजेप्रमाणे वर चढेल, बरा होऊन खाली उतरेल, आणि खिशात पैसे नाहीत म्हणून कुणी अडणार नाही, अशी ती कल्पना.

हे सगळं लगेच जमणार नाही हे समितीलाही ठाऊक होतं. म्हणून तिने पहिल्या टप्प्यासाठी एक तडजोड सुचवली, चाळीस हजार लोकांमागे एक छोटं केंद्र. मग झालं काय, की तडजोडच खरी योजना होऊन बसली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि एका विकासगटाला एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळू लागलं. भोरांनी कल्पिलेल्या ७५ खाटांच्या जागी बहुतेक ठिकाणी पाच-सहा खाटा आल्या. खालचा मजला असा बारीक राहिला की जरा अवघड काही आलं की वर पाठवण्यावाचून गत्यंतर नाही. थोडक्यात, 'पाठवणे' ही अपवादाने करायची गोष्ट होती, ती रोजचं काम झाली.

१९७५ साली डॉ. श्रीवास्तव समितीने हे दुखणं बरोबर पकडलं. प्राथमिक केंद्रं आणि मोठी रुग्णालयं यांच्यात खरी देवाणघेवाण असावी, वैद्यकीय महाविद्यालयांनी ठरावीक भागाची जबाबदारी घ्यावी, अशी एक 'संदर्भ सेवा संकुला'ची शिफारस तिने केली. शिफारशीतून पुढे दोन गोष्टी झाल्या. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांची योजना १९७७ मध्ये निघाली. संकुल मात्र बरंचसं कागदावरच राहिलं. म्हणजे वर जाणारा रस्ता कसाबसा बांधला गेला, खाली येणारा नाही. पेशंटचं काय झालं हे गावातल्या नर्सबाईंना कळवायचं काम कुणाच्याच नोकरीत नव्हतं.

आता नाशिककडे येऊ.

नाशिक म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मित्रांना द्राक्षं, वाइन, गोदाघाट आणि मिसळ आठवते. ते एक नाशिक. दुसरं नाशिक पश्चिमेला आहे : सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवणचा काही भाग. कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी लोकांचं. पाऊस धो धो, वाड्या डोंगरावर विखुरलेल्या. पेठ शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, मध्ये सावळघाट. सुरगाणा त्याहूनही लांब, जवळपास नव्वद. जिल्हा रुग्णालय, संदर्भ रुग्णालय, सगळे मोठे खासगी दवाखाने आणि राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) मात्र नाशिक शहरात किंवा शहरालगत.

वेल्समधले एक डॉक्टर, ज्युलियन ट्यूडर हार्ट, खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करायचे. त्यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक नियम मांडला : जिथे आरोग्यसेवेची गरज सगळ्यात जास्त, तिथेच ती सगळ्यात कमी. उलटा नियम. नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर धरलात तर हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोघींनी बाळंतपणातल्या मृत्यूंवर एक पेपर लिहिला. त्यात उशिराचे तीन प्रकार केले. पहिला उशीर घरात : जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यावर. तिसरा रुग्णालयात पोचल्यावर, उपचार सुरू होण्यात. मला ही मांडणी फार आवडते, कारण ती डीबगिंगसारखी आहे. 'बाई उशिरा आली' असं म्हणून कुणी हात झटकले की विचारायचं, कुठला उशीर? सासूने नको म्हटलं, गाडी मिळाली नाही, की भूलतज्ज्ञ नव्हते? तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीतल्या गरोदर बाईला पक्का रस्ता नसल्यामुळे पावसात चालत मुख्य रस्त्यापर्यंत यावं लागलं, आणि ती वाचली नाही. बातमी दोन दिवस गाजली. त्याआधी, २०२२ च्या शेवटी, सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी तर सरळ 'आम्हाला गुजरातमध्ये घाला' अशी मागणी केली. रस्ते, पाणी, दवाखाना, सगळं पलीकडे बरं आहे म्हणून. राजकारण बाजूला ठेवा आणि आकडेवारीच्या नजरेने बघा : अशा गावातला पेशंट सीमेपलीकडे उपचार घेऊ लागला, की आपल्या रजिस्टरात तो काय म्हणून दिसणार? आला नाही म्हणून. बरा झाला की गेला, ते दुसऱ्या राज्याच्या वहीत.

इथवर नुसत्या आजाराचं झालं. पण पेशंटची अडचण दर वेळी आजारापुरती नसते. टीबीचं औषध दिलं आणि घरात खायला नसेल तर औषध पोटात टिकत नाही. मूल कुपोषित आहे म्हणून दाखल करा सांगितलं, तर आईची मजुरी बुडते आणि बाकीच्या दोन पोरांना बघणार कोण? इथे चिठ्ठी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाऊन भागत नाही. ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जावी लागते, आणि खात्यांच्या मधली दरी सावळघाटाहून खोल असते.

हा विचार नवा नाही. १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट यांना नेमलं, पेशंटच्या घरची परिस्थिती बघून त्यांना योग्य मदतीकडे पाठवायला. १९०५ मध्ये बॉस्टनमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी आपल्या रुग्णालयात समाजसेविका आणल्या, कारण घर न बघता लिहिलेली औषधं वाया जातात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे टाटांची समाजकार्य संस्था मुंबईत १९३६ मध्ये सुरू झाली, आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. वर्ष बघा, भोर अहवालाचंच. आज सरकारी रुग्णालयात 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी दिसते ती याच परंपरेतली. फी माफीचा शेरा, बेवारस पेशंटचे नातेवाईक शोधणं, आधाराश्रमाला फोन, अशी सगळी न दिसणारी कामं त्या टेबलावर होतात.

महाराष्ट्राने आदिवासी भागासाठी १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आणली. आरोग्य, अंगणवाडी, रेशन, रोजगार हमी या सगळ्यांनी एकत्र काम करायचं. तिच्यात मला सगळ्यात शहाणी वाटलेली गोष्ट म्हणजे 'बुडीत मजुरी'. मूल दवाखान्यात असताना आईबापांचा जो रोज बुडतो त्याची भरपाई. ज्याने कुणी हा शब्द सरकारी कागदात घातला त्याला चिठ्ठी का पाळली जात नाही हे नक्की कळलं होतं.

पुढे २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. मराठवाड्यात झालेल्या प्रयोगातून ते आलं होतं आणि व्ही. रमणी त्याचे पहिले महासंचालक. हळूहळू कुपोषित मुलांसाठी तीन पायऱ्या तयार झाल्या : गावात अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र, आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात बाल उपचार केंद्र, आणि जिल्हा रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र. कागदावर सुरेख. पण पहिली पायरी महिला-बालविकास खात्याची, वरच्या दोन आरोग्य खात्याच्या. मुलाचं वजन अंगणवाडी ताईंच्या वहीत, उपचार डॉक्टरांच्या वहीत. त्यात सुरगाणा-पेठची कुटुंबं पावसाळा संपला की दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांवर कामाला येतात. मूल तालुका बदलतं, वही गावातच राहते. नव्या जागी त्याचं वजन पहिल्यापासून सुरू. वाढलं की घटलं हे सांगायला मागचा आकडाच नाही.

(या वह्यांमधल्या आकड्यांचा भरवसा किती, हा प्रश्न डॉ. अभय बंग आणि सहकारी संस्थांच्या २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने जाहीरपणे विचारला. सरकारी नोंदीत दिसणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा खरे मृत्यू कितीतरी जास्त होते.)

यावर महाराष्ट्रातच दोन ठिकाणी निराळा विचार झाला. चिठ्ठी नीट पोचवण्यापेक्षा तिची गरजच कमी करायची.

जामखेडला (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे आले. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, मुक्काम करायच्या, गावातल्या केसेसबद्दल बोलायच्या आणि नवं शिकून परत जायच्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं, १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेच्या वेळी जगभर ज्या मोजक्या प्रयोगांची चर्चा होती त्यात जामखेड होतं, हे सगळं खरं. मला मात्र त्या आठवड्याच्या बैठकीचं जास्त कौतुक वाटतं. आपण पाठवलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे पाठवणारीला आठ दिवसांत समोरासमोर कळायचं. परतीची पोच. ना कॉम्प्युटर, ना फॉर्म.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बाळांचा वर्षभर माग ठेवला. ५४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्ष मिळाले २.६ टक्क्यांना. रुग्णालयात दाखल झाली ०.४ टक्के. हे आकडे परत वाचा. शंभरातल्या चोपन्न बाळांना 'दवाखान्यात न्या' म्हणणं म्हणजे एकावन्न-बावन्न बाळांना काहीच न देणं. म्हणून मग गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन बाळाला तपासायचं आणि उपचारही करायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी खाली. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरावीक भेटी देतात त्यांचं मूळ इथलं. हा बदल शक्य झाला कारण आधी कुणीतरी न गेलेल्या बाळांची मोजदाद केली होती.

मग आले कॉम्प्युटर. २००५ मध्ये आशा, २००९ च्या अखेरीस गरोदर बायका आणि बाळांचा नावानिशी माग ठेवणारी केंद्र सरकारची प्रणाली, २०११ मध्ये जननी-शिशू सुरक्षा (घरून दवाखाना, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी, सगळा प्रवास फुकट), २०१२ मध्ये टीबीसाठी 'निक्षय', २०१४ मध्ये महाराष्ट्रात ९३७ गाड्यांची १०८ सेवा, २०२१ पासून आभा क्रमांक. यादी मोठी आहे आणि यातल्या बऱ्याच गोष्टींनी जीव वाचवले आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण डेटाबेस डिझाइन करणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर एक खटकतं. प्रत्येक टेबल घटना नोंदवतं. इथे तपासणी झाली, इथे लस दिली, इथून गाडी निघाली. एका माणसाचा दारापासून दारापर्यंतचा प्रवास असं टेबल सापडणं कठीण. १०८ ची नोंद वेगळी, रुग्णालयाचं केसपेपर वेगळं, अंगणवाडीची वही वेगळी. जॉइन कशावर करणार?

त्यातल्या त्यात टीबीवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९९७ च्या सुधारित टीबी कार्यक्रमात पेशंट दुसरीकडे गेला की एक फॉर्म भरायचे. खालचा भाग फाडून घ्यायचा आणि पेशंट आल्यावर नव्या केंद्राने तो जुन्या केंद्राला परत पाठवायचा. टीसीपीच की हो! कागदावरची, पोस्टाने जाणारी. टीबीत ते जमलं कारण तिथे केंद्राची परीक्षा 'किती पेशंट नोंदवले' यावर संपत नव्हती, 'त्यांचं शेवटी काय झालं' यावर होती. हरवलेला पेशंट हिशेबात उणा दिसायचा, म्हणून त्याला शोधायला माणूस जायचा. पुढे एप्रिल २०१८ पासून त्याच निक्षयच्या नोंदीवर पेशंटच्या बँक खात्यात पोषणासाठी महिना ५०० रुपये येऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. आजार एका खात्याचा आणि भूक दुसऱ्या खात्याची, असं निदान इथे तरी राहिलं नाही.

आता ज्यामुळे हा सगळा विषय डोक्यात बसला ती गोष्ट. सप्टेंबर २०१७ मध्ये बातमी आली की नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालक कक्षात एका ऑगस्ट महिन्यात ५५ बाळं दगावली. एकेका इन्क्युबेटरमध्ये एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत होती. जिल्हा शल्यचिकित्सकांचं म्हणणं होतं की बरीचशी बाळं खासगी रुग्णालयांतून अगदी शेवटच्या अवस्थेत इथे पाठवली गेली. मग नेहमीप्रमाणे आरोप-प्रत्यारोप झाले.

मला त्यात कोण खरं बोलतंय यापेक्षा एक वेगळीच गोष्ट बोचली. ५५ हा आकडा शेवटच्या थांब्याचा आहे. बाळ जिथे गेलं तिथे ते मोजलं गेलं. पण ते बाळ आधी कुठे जन्मलं, किती वाजता निघालं, किती दारांवरून 'पुढे न्या' ऐकत आलं, आणि कुठल्या दारावर दोन तास वाचवता आले असते, हे त्या आकड्यात नाही. वर त्याचा एक वाईट परिणाम होतो. जे रुग्णालय अवघड पेशंट नाकारत नाही त्याच्याच नावावर मृत्यू चढतात, आणि वेळेवर हात झटकणाऱ्याची वही स्वच्छ राहते. प्रवासाची नोंद नसेल तर प्रामाणिक माणूस बदनाम होतो.

प्रवासाचा माग काढायची पद्धत आपल्याला येत नाही असंही नाही. मातामृत्यूचं अन्वेषण आपण करतोच. इंग्लंडने १९५२ पासून ते गोपनीय पद्धतीने केलं, आपल्याकडे २०१० मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. बाई गेली की घरी जाऊन विचारतात : त्रास कधी सुरू झाला, कोणी ठरवलं, गाडी कशी मिळाली, पहिल्या दवाखान्यात किती वाजता, तिथून कुठे, किती वाजता. तिन्ही उशीर, मिनिटांसकट. म्हणजे आपल्याकडे संपूर्ण प्रवासाचा नकाशा तयार होतो, पण ती बाई गेल्यानंतर. जिवंत असताना तिच्याकडे ती प्लास्टिकची पिशवी.

हेच चार-पाच प्रश्न जिवंत माणसासाठी विचारले तर? कुठून पाठवलं, केव्हा निघाली, केव्हा पोचली, उपचार केव्हा सुरू झाले, आणि पाठवणाऱ्याला उलट निरोप गेला का. पाच रकाने. यासाठी आर्टिफिशियल इंटेलिजन्स लागत नाही, ब्लॉकचेन तर नाहीच नाही. एक साधं टेबल आणि 'पोचले नाहीत' अशा नावांची रोज सकाळी निघणारी यादी. यादीतल्या घरी कुणीतरी जायला हवं, हे त्यातलं खरं अवघड काम.

पण आपण सॉफ्टवेअरवाले इथेच जास्त उड्या मारतो, म्हणून तीन गोष्टी स्वतःलाच बजावून ठेवतो.

एक, सरासरी फसवते. जिल्ह्यातले नव्वद टक्के पेशंट वेळेत पोचले असा ग्राफ निघाला की सगळे खूश. उरलेले दहा टक्के सगळे सुरगाण्याचेच असतील तर तो ग्राफ विषमता झाकायचं काम करतोय. आकडे तालुक्यानुसार, जमातीनुसार, स्थलांतरित की कायम राहणारे यानुसार फोडलेच पाहिजेत. नाहीतर समतेसाठी केलेली यंत्रणा सोयीच्या लोकांची सोय मोजत बसते.

दोन, माग ठेवणं म्हणजे पाळत ठेवणं होऊ नये, ना पेशंटवर, ना आशाताईंवर. 'तुमच्या वाडीतले चार जण पोचले नाहीत' म्हणून तिचं मानधन कापलंत, तर पुढच्या महिन्यापासून ती पाठवल्याची नोंदच करणार नाही. आकडे सुधारतील, माणसं नाही. आणि एचआयव्ही, गर्भपात, घरातली मारहाण असल्या गोष्टी चिठ्ठीवर असतील तर ती चिठ्ठी कोण कोण वाचतंय हा प्रश्न बाईच्या जिवाचा असतो.

तीन, पलीकडे सेवाच नसेल तर माग ठेवून काय मिळणार? अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू केला. दवाखान्यात आलेल्यांना घर, अन्न, प्रवास यांच्या अडचणी विचारायच्या आणि मदतनीस देऊन योग्य संस्थेकडे पाठवायचं. पात्र लोकांपैकी चारातले तीन जण आनंदाने तयार झाले. पण पहिल्या मूल्यमापनात, वर्षभर मदतनीस घेऊनही गरज भागल्याची नोंद झालेल्यांचं प्रमाण १४ टक्के निघालं. सॉफ्टवेअर होतं, माणसं होती, स्वस्त घरंच नव्हती.

तरीसुद्धा मी नोंदीच्याच बाजूने आहे. त्या १४ टक्क्यांमुळेच तर कळलं की कमतरता घरांची आहे. गडचिरोलीत २.६ हा आकडा हातात आला नसता तर घरी जाऊन बाळ तपासायची कल्पना कुणी ऐकून घेतली असती का? पोच न आलेली चिठ्ठी ही पेशंटच्या निष्काळजीपणाची खूण म्हणून बघायची आपल्याला सवय लागलीय. 'आम्ही सांगितलं होतं, ते गेलेच नाहीत.' तीच चिठ्ठी एरर लॉग म्हणून वाचली, तर ती सांगते की अमुक वाडीला रस्ता नाही, अमुक दवाखान्यात शुक्रवारनंतर भूलतज्ज्ञ नसतात, अमुक हंगामात मजुरी बुडवणं परवडत नाही.

भोर समितीने पायऱ्या आखल्या, श्रीवास्तव समितीने जिना दोन्ही बाजूंनी वापरायला सांगितलं, आरोळ्यांनी आणि बंगांनी पहिली पायरी घराच्या उंबऱ्यापर्यंत आणली. ऐंशी वर्षांत बरंच बांधून झालंय. राहिलाय तो रजिस्टरातला एक रकाना : 'पोचले नाहीत, कारण'. तो सुरू झाला की पहिली काही वर्षं त्यातले आकडे बघवणार नाहीत. बघवत नाहीत म्हणून तो रकाना कुणी बंद केला नाही, तर पुढचं काम इंजिनियरांचं नसेल, रस्ते आणि माणसं देणाऱ्यांचं असेल.